अभ्यासिकेतला कॅमेरा

माझ्या दुकानात गिऱ्हाईक आधी बोलणी खातं आणि मग त्याचा कॉम्प्युटर दुरुस्त होतो, अशी शिरूरच्या पेठेत माझी ख्याती आहे. मी मुद्दाम करत नाही. पण एखादा माणूस भर दुकानात, चार जणांच्या देखत, मोठ्यांदा आपला पासवर्ड सांगायला लागला की माझं डोकं फिरतं. बरं, पासवर्ड तरी काय, तर पोरीचं नाव आणि पुढं एक दोन तीन. मी म्हणतो, बाबा रे, घराची किल्ली अशी एसटी स्टँडवर दाखवत हिंडतोस का? तो हसतो आणि म्हणतो, आमच्याकडं चोरण्यासारखं हाय काय?

हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. चोरण्यासारखं नसेल, पण लपवण्यासारखं तर प्रत्येकाकडं असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपण काय वाचतो, कुणाशी बोलतो, कधी रडतो, हे आपलं असतं. सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलंय की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, जगण्याच्या हक्कातच तो येतो. हे मी हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन समजावतो. गिऱ्हाईक सगळं ऐकून घेतं आणि विचारतं, मशीन कधी मिळंल.

दुकान शिरूरला असलं तरी राहतो मी गावात, मांडवगण फराट्याच्या अलीकडं. हौस म्हणाल तर एकच. दौंडला एक भंगारवाला आहे, त्याच्याकडून मोडके कॉम्प्युटर आणायचे आणि जिवंत करायचे. त्यात फुकटचं, उघडं सॉफ्टवेअर टाकायचं, कारण ज्याचं पोट उघडून बघता येत नाही अशा कशावरही माझा विश्वास नाही. आमच्या पलंगाखाली अशी पाच मशीनं आहेत. बायको म्हणते, एवढ्या शेळ्या पाळल्या असत्या तर चहाला दूध तरी झालं असतं. तिचं खरं आहे, पण शेळीत मन रमत नाही त्याला मी काय करू.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या वस्तीत विहाराशेजारी एक खोली आहे. वर्गणी काढून आम्ही तिथं अभ्यासिका केली. बारा टेबलं, दोन पंखे, नकाशा, आणि कपाटात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. पोरं-पोरी दिवसभर तिथं बसतात, आणि ती खोली बघितली की मला अजूनही बरं वाटतं. मागच्या वर्षी तिथून एक चार्जर गेला. विहाराच्या कमिटीतले आबा दुकानात आले आणि म्हणाले, तू एवढा जाणकार, एक कॅमेरा बसव की.

मला कुणी जाणकार म्हटलं की मी वाहवत जातो. एका दिवसात कॅमेरा बसवला. चित्र कुठल्या परक्या कंपनीकडं जायला नको म्हणून पलंगाखालच्या एका मशीनवर ते साठवलं. पासवर्ड असा ठेवला की मलाच पाठ करायला दोन दिवस लागले. मग आबा म्हणाले, मला मोबाईलवर दिसंल असं कर. केलं. मग कमिटीतले बाकीचे आले. मग पोरांचे आई-बाप आले. मी थोडे आढेवेढे घेतले, पण आबा म्हणाले, आपलीच तर माणसं हायेत. आणि जगाला पासवर्डवरून झापणारा हा शहाणा माणूस, त्यानं सगळ्या वस्तीला पासवर्ड वाटला. वर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर माझं कौतुक झालं, ते मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

माझी एक चुलत बहीण गावातच दिलेली आहे. तिची थोरली लेक त्याच अभ्यासिकेत राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेची तयारी करत होती. तिचा बाप, म्हणजे आमचे दाजी, शिक्रापूरला एका कारखान्यात मशीनवर असतात. स्वभाव सोन्यासारखा, पण बोलणं कमी. परीक्षेला महिना राहिला असताना दाजींनी लेकीला फर्मावलं की उद्यापासून अभ्यासिका बंद, घरीच वाचायचं, आणि यंदा निघाली नाहीस तर कारखान्यात चिकटवतो. घर म्हणजे दोन खोल्या, टीव्ही, आजी-आजोबा आणि दोन धाकटी भावंडं. तिथं वर्तमानपत्र वाचून होत नाही, राज्यसेवा कुठली होणार. पोरीचं वर्ष जाणार हे उघड होतं.

ती दुपारी एसटीनं शिरूरला दुकानात आली. मला वाटलं, बापाला समजवायला सांगेल. तसं काही बोलली नाही. पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. मी चहा मागवला आणि विचारलं, दाजी एवढे का चिडले? तेव्हा म्हणाली की परवा मैत्रिणीशी बोलताना तिला हसू आलं, ते दाजींनी कारखान्यातून मोबाईलवर बघितलं. मी म्हटलं, एवढंच ना, मी बोलतो त्यांच्याशी, तू अभ्यास करत होतीस हे मला माहीत आहे.

तशी ती म्हणाली, "मामा, तुम्ही कॅमेरा लावल्यापासून मी वाचतच नव्हते. वाचतीय असं दाखवत होते."

मग हळूहळू सगळं निघालं. मान खाली घालूनच बसायचं, कारण वर बघितलं की कुणीतरी घरी सांगतं. डुलकी आली तर मांडीला चिमटा काढायचा. एखादं गणित अडलं तरी शेजारच्या पोराला विचारायचं नाही. पान उलटायचं, डोक्यात काही गेलं नाही तरी उलटायचं, म्हणजे बघणाऱ्याला बरं वाटतं. सगळ्याच पोरींचं असं चाललंय, म्हणाली. मला फार लाज वाटली.

ती गेल्यावर मी शटर ओढलं आणि घरी आलो. कुणाच्या मोबाईलवरून कधी बघितलं गेलं याची नोंद माझं मशीन आपोआप ठेवतं. ती मी कधी उघडलीच नव्हती. उघडली. रात्री खोलीला कुलूप असतं, चोर यायचा तर तेव्हाच येणार, तेव्हा एकही माणूस बघत नव्हता. पोरी आल्या की मात्र मोबाईलवर मोबाईल. चार्जरचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. आणि सगळ्यात जास्त वेळा बघणारे होते आमचे दाजी. रोज जेवणाच्या सुट्टीत, आणि चहाच्या सुट्टीतसुद्धा.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दाजींशी मी कायम थट्टेनंच बोलतो, त्या दिवशी जमलं नाही. तावातावानं हक्क, कोर्ट, कायदा, सगळं काढलं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाव्हणं, माझ्या डोक्यावर आठ तास क्यामेरा असतोय. मी काय मेलो का?"

मी म्हटलं, "न्हाई मेला. पण आवडतं का तुम्हाला?"

त्यांनी मान खाली घातली. मग चपलेकडं बघत म्हणाले, "पाणी प्यायला गेलो तरी सुपरवायझर इचारतो."

पुढं मला काही बोलावं लागलं नाही. त्यांनी मोबाईल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, काढून टाका ते. दुसऱ्या दिवशी मी शिडी घेऊन अभ्यासिकेतला कॅमेराच उतरवला. आबा रागावले. कमिटीला विचारायला पाहिजे होतं, म्हणाले. मी म्हटलं, बसवताना पोरींना कुठं विचारलं होतं? ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्याचं वाईट वाटलं, पण कॅमेरा काढल्याचं नाही. दाराला चांगलं कुलूप लावलं, ते मला आधीच सुचायला पाहिजे होतं.

भाची परत अभ्यासिकेत जायला लागली. आठवड्यानं दाजी दुकानात आले, मोबाईलची काच बदलायचं निमित्त करून. काच तर धड होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, कशी वाचतीया ती? मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, मला काय इचारता दाजी, तिलाच इचारा की. ते म्हणाले, "तिला काय इचारू? मला त्यातलं काय कळतंय?"

"कळत न्हाई म्हणूनच इचारा," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. या वेळी निमित्तसुद्धा काढलं नाही. म्हणाले, इचारलं. लेकीनं त्यांना समोर बसवून तासभर राज्यघटना शिकवली. राज्यपाल कोण नेमतं, पैशाचं विधेयक कुठं मांडतात, सगळं. मध्ये मध्ये थांबून कळलं का, असं विचारत होती. सांगताना दाजींचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांनी मनावर घेतलं नाही.

"इतकं दिवस बघत होतो तिला," ते म्हणाले, "पण ती कशी बोलती, ते त्या क्यामेऱ्यात ऐकूच येत नव्हतं."