आधी ढवळणी बंद करा

एरेदिया गावात एलिएसर सुंबादोला त्याच्या घराचा पत्ता विचारा. तो सांगणार, चांभाराच्या दुकानापासून दोनशे मीटर दक्षिणेला. चांभार मेला, दुकान पाडूनही सतरा वर्षं झाली. तरी माणूस बरोबर दारात पोचतं.

हा गडी माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. दूध थंड करायच्या टाक्या आमच्या सॉफ्टवेअरवर चालतात. ते कसं वापरायचं हे तो लिहितो, गिऱ्हाईक पडद्यावर वाचतं. आमच्या साहेबीण दोन्या मार्जोरी कुठलंसं शिबिर करून आल्या आणि हुकूम सुटला: ज्या शब्दाचं वेगळं पान आहे, तो मजकुरात येईल तिथं त्याला लिंक पाहिजे. एलिएसर लई इमानी. भिंतीवर गोवऱ्या थापाव्या तशा त्यानं लिंका थापल्या. पानं निळीशार झाली. ‘दूध’ शब्दालाही लिंक होती.

मग तक्रारी आल्या. बाईंनी हुकूम आपलाच होता हे सोयीनं विसरून एलिएसरला बजावलं, की आणखी एक तक्रार आली तर डिसेंबरात करार वाढणार नाही.

मंगळवारी सकाळी ती तक्रार आली. डोंगरातल्या डेअरीची सिनिया केसादा फोनवर होती. टाकीतली ढवळणी थांबेना आणि अठराशे लिटर दुधाचं लोणी व्हायला लागलेलं. बाई येऊन एलिएसरच्या मागं उभ्या राहिल्या. सिनियानं वाचून दाखवलं. ढवळणी बंद करायला मुख्य कळ पाहा. तिथं गेलं की, कळीला हात लावण्यापूर्वी सुरक्षा पाहा. सुरक्षेच्या पानावर, आधी ढवळणी बंद करा.

“तीनदा फिरून तिथंच आले, बाबा. चरकाच्या बैलालासुद्धा संध्याकाळी सोडतात.”

एलिएसरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. टाकी बसवताना तो तिथं जाऊन आला होता. त्यानं पडदा सोडला, डोळे मिटले.

“सिनियाताई, जुना तापमापक टांगलेला असायचा, ती जागा आठवते?”

“खिळा आहे अजून.”

“खिळ्यापासून दोन वीत डावीकडं. लाल बटण. दाबा.”

जरा वेळानं ती म्हणाली, ढवळणी थांबली.

यावर बाईंनी तीन तास बैठक घेतली. लिंका काढणं म्हणजे शिबिर वाया गेल्याची कबुली, म्हणून लिंका राहिल्या. फक्त आता सगळ्या एकाच ठिकाणी जातात, एलिएसरच्या फोनवर. त्याचा करार दोन वर्षांसाठी वाढला.

काल घेवडा-भाताचा घास तोंडात असताना एलिएसरचा फोन वाजला. पलीकडच्याची काहीच अडचण नव्हती. ‘दूध’ दाबल्यावर काय होतं, एवढंच बघत होता.