झेंडूच्या माळेखालची दांडी

तुम्ही संग्रहालयातल्या जुन्या मोटारीजवळ उभं राहून काढलेला फोटो मिळाला. तिच्या फिरवायच्या चाकाखाली दोन बारीक पितळी दांड्या दिसतात. त्या कशाला असतात, असं तुम्ही फोटोच्या पाठीमागे लिहिलं आहे. त्यांतली एक मला चांगली माहीत आहे, म्हणून सगळं क्रमाने सांगते.

माझे वडील धुळ्यात डॉक्टर होते. घरात आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी त्यांनी एक मोटार घेतली. फ्रान्समध्ये बनलेली, एकाच सिलिंडरची, आणि आमच्याकडे येईपर्यंत दोन मालकांकडे राबलेली. त्या काळी मोटारी करणारे कारखाने डझनावारी होते. कोणी आधी सायकली करत, कोणी शिवणयंत्रं. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एकाच्या गाडीत जी दांडी वर ढकलायची, तीच दुसऱ्याच्या गाडीत खाली ओढायची. त्यामुळे एक गाडी चालवणाऱ्याला दुसरी येईलच असं नसे. ज्याच्या त्याच्या गाडीबरोबर येणारं पुस्तक, तेवढाच आधार.

आमच्या गाडीचं पुस्तक इंग्रजीत होतं. भाऊंनी ते माझ्या हाती दिलं. मी अकरा वर्षांची होते आणि ते मला इंग्रजी शिकवत होते. रोज एक पान वाचायचं आणि गाडी चालवणाऱ्या आबांना मराठीत सांगायचं, हा माझा धडा.

आबा नरडाण्याकडचे. आधी भाऊंचा टांगा हाकत. त्यांना वाचता येत नव्हतं, पण एकदा सांगितलेलं ते विसरत नसत. ते म्हणत, घोड्याला चारा दाखवला की तो चालतो, हिला पुस्तक वाचून दाखवावं लागतं. शेजारचे वकील ओट्यावरून विचारत, डॉक्टर, तुमचा बैल आज उठला का? कारण गाडी सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे, आणि ती पहिल्या फेऱ्यात क्वचितच उठे.

आता ती दांडी. दोहोंपैकी एक इंजिनाला किती गॅस द्यायचा हे ठरवी, दुसरी ठिणगी केव्हा पाडायची हे. हँडल मारताना ठिणगीची दांडी पूर्ण मागे हवी. ती पुढे राहिली तर ठिणगी वेळेआधी पडते, इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल माणसाच्या हातावर उलटं फिरतं. पुस्तकात हे वाक्य ठळक अक्षरांत छापलेलं होतं. म्हणून आमचा रोजचा परिपाठ ठरला. आबा पुढे हँडलपाशी जाण्याआधी मी पायरीवर उभी राहून म्हणायची, ठिणगी? ते दांडीला हात लावून म्हणायचे, मागे शे, म्हणजे मागे आहे. मग गॅस. मग ब्रेक. त्यानंतरच हँडल.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. आदल्या दिवशी आबांनी दिवे आणि भोंगा चिंचेने घासून लखलखीत केले होते. आईने चाकांना हळदकुंकू लावलं, मी फिरवायच्या चाकाला लावलं, भाऊंनी नारळ फोडला. माळ घालायचं काम माझं होतं. झेंडूची जाड माळ मी फिरवायच्या चाकावरून सोडली, तर ती तिरपी बसली. खाली एक दांडी मागे आणि एक अर्धी पुढे, त्यामुळे माळेला नीट आधार मिळत नव्हता. वस्तू सरळ रेषेत नसली की मला तेव्हाही चैन पडत नसे. मी मागची दांडी पुढे सरकवून दोन्ही एका पातळीत आणल्या. माळ सरळ बसली. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी सोनं लुटायला गावाबाहेर जायचं म्हणून सगळे नवे कपडे घालून आले. आबांनीही नवा फेटा बांधला होता. ते रोजच्यासारखे दांडीपाशी आले आणि थांबले. पूजेची माळ, वर हळदकुंकू. तिला हात लावून ती विस्कटायची त्यांना नको वाटली. त्यांनी लांबूनच हात जोडले आणि सगळं नीट आहे ना, असं मला विचारलं,

"बठ्ठं बराबर शे ना, ताई?"

मी माळेकडे पाहत होते. "हो," म्हणाले.

पहिल्याच फेऱ्यात हँडल उलटलं. लाकूड मोडावं तसा आवाज आला. आबा खाली बसले. उजवा हात मनगटाच्या वर वाकडा झाला होता.

भाऊंनी दवाखान्यातच हाड बसवलं, बांबूच्या पट्ट्या बांधल्या. मग त्यांनी गाडीपाशी जाऊन दांडी पाहिली आणि परत येऊन एवढंच म्हणाले, "इतक्या दिवसांत एकदा नाही, आणि आज विसरलात?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मीच इसरी गऊ," म्हणाले.

मी दारात उभी होते. हातात पुस्तकही होतं. ते घेऊन मी आत निघून गेले.

हाड जुळलं, पण हात पुरता वळेना. हँडल मारणं संपलं, घोड्याचा लगामही त्या मुठीत राहीना. भाऊ त्यांना दवाखान्याच्या दारावर बसवायला तयार होते. आबा महिनाभर बसले आणि मग गावी निघून गेले. गाडीवर दुसरा माणूस आला. तो वाचणारा होता, त्याला माझी गरज नव्हती.

मॅट्रिक झाल्यावर, लग्नाआधी, मी भाऊंना सगळं सांगितलं. ते स्वतः मला नरडाण्याला घेऊन गेले. आबा अंगणात डाव्या हाताने दोर वळत होते, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं. मी दांडीचं सांगितलं. त्यांना ते नवीन नव्हतं. हात मोडल्यावर उठताना पाहिलं तर दांडीवर हळदीची बोटं उमटली होती, म्हणाले, आणि ती बोटं लहान होती. पोराच्या हाताने दांडी सरकते, त्याचं काही नाही.

मग दोर खाली ठेवून म्हणाले, "पन मी तुले इचारं, ताई. तू न देखता हो म्हनी."

त्यांनी आम्हाला चहा दिला. निघताना मी पाया पडले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने आशीर्वाद दिला.

तुमची आई तक्रार करते की आजीला पत्रात साधी गोष्ट विचारली तरी उत्तराला पंधरा दिवस लागतात. घराची कागदपत्रं जागेवर आहेत का, असं तुम्ही मागच्या महिन्यात विचारलंत. मी कपाट उघडून एकेक कागद हातात घेऊन पाहिला. आहेत.

फोटोतली ठिणगीची दांडी पुढे आहे. तिथल्या लोकांना सांगा, कोणी हँडलला हात लावण्याआधी ती मागे घ्या.