रक्ताच्या डॉक्टरांचा संताप

आमच्या सरांइतका संतापी माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल, आणि मे महिन्यातलं अकोला सोसलेल्या माणसाने असलं विधान जपून करावं हे मला कळतं. मी एमडी मेडिसिन होऊन अमरावतीच्या एका कॅन्सर रुग्णालयात फेलोशिपला लागले. रक्ताचा आणि इतर कॅन्सर औषधांनी कसा आवरायचा, त्याचं हे पुढचं शिक्षण. दोन वर्षं सरांच्या हाताखाली काढायची आहेत एवढं ठाऊक होतं. ती त्यांच्या तोंडाखाली काढायची आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

सर सकाळी साडेसातला चिडलेलेच यायचे. लिफ्ट हळू म्हणून चिडायचे, जिन्याने गेले तर पायऱ्या उंच म्हणून चिडायचे. फोनवर असे बोलायचे की अकोल्याच्या माणसाशी बोलायला यांना फोन लागतोच कशाला, असा प्रश्न वॉर्डातल्या मावशींना पडे. रक्ताचा छापील रिपोर्ट आधी वाचताना एखादा फेलो सापडला, तर कागद हातातून हिसकावला जाई. "काच पाय आधी!" काच म्हणजे रक्ताचा थेंब पसरलेली स्लाइड. ती मायक्रोस्कोपखाली वीस मिनिटं पाहायची आणि मगच तोंड उघडायचं. पहिल्याच आठवड्यात मी मान वर करून म्हटलं, "सर, बऱ्याच पेशी खराब दिसतात." "बऱ्याच म्हणजे? लग्नातले पाहुणे पाहून राहिली का तू? आकडा सांग!" मी पुन्हा मान खाली घातली आणि मनातल्या मनात त्यांना जे काही म्हटलं ते अस्सल वऱ्हाडीत म्हटलं, कारण मीही अकोल्याचीच.

एकदा राउंडला मी "ही केस बत्तीस वर्षांची" अशी सुरुवात केली. सरांनी पलंगावरच्या, औषधांनी टक्कल पडलेल्या बाईकडे बोट दाखवलं. "केस? केस तं गळून गेले तिचे. बाई म्हण!" ती बाई खो खो हसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर शुक्रवारी अकोल्याला ओपीडी असे, तेव्हा आम्ही त्यांच्या गाडीतून जायचो आणि रस्ताभर तोंडी परीक्षा चाले. एका शुक्रवारी बडनेऱ्याच्या पुढे मी एका औषधाचा डोस चुकवला. त्यांनी गाडी बाजूला घेतली. "उतर." उतरले. भर उन्हात उभी राहिले. गाडी शंभर पावलं पुढे गेली, थांबली आणि तशीच मागे मागे आली. काच खाली करून त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "पाणी पे. मंग सांग डोस." अशा माणसाचं काय करायचं? धड द्वेषही करू देत नाही.

दुसऱ्या वर्षी वंदनाचं प्रकरण घडलं. वंदना शेंदूरजनाघाटजवळच्या खेड्यातली, बावीस वर्षांची, संत्र्यांच्या हंगामात फळं निवडायच्या कामावर जायची. तिला रक्ताचा कॅन्सर होता. सात महिने तिने सलाइनमधून कडक औषधं घेतली आणि आजार आटोक्यात आला. घरी सोडताना मीच तिला सांगितलं, "रिपोर्टमध्ये आता आजार दिसत नाही. मेंटेनन्स मात्र सुरू ठेवायचा." गोळ्यांची चिठ्ठी दिली आणि पुढच्या पेशंटकडे वळले. दोन तारखा ती आलीच नाही. फोन बंद. मी फाइलवर ठरलेला शेरा लिहिला, 'लॉस्ट टू फॉलोअप', म्हणजे पुढच्या तपासण्यांतून हरवलेली, आणि रजा टाकली, कारण त्या दिवशी अकोल्याला माझ्या धाकट्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता.

मी रुग्णालयातल्या खोलीतून साडी नेसून, पर्स घेऊन निघतच होते, तेवढ्यात सर फाइल घेऊन आले.

"हरवली म्हणजे? छत्री हाय का ते?"

"सर, फोन लागत नाही. मी उद्या बघते."

"उद्या काहून? गावाचं नाव लिवलं हाय न इथं? चाल."

"सर, आज माझ्या बहिणीचं..."

"चाल म्हणलं न!"

मी गेले. नाही म्हणता आलं असतं, तरी गेले, आणि याबद्दल मला आजही त्यांच्यापेक्षा माझाच जास्त राग येतो. गाडीत आईचे फोन येत होते, मी ते कापत होते. बहिणीने पुढे सहा महिने माझ्याशी अबोला धरला.

वंदना संत्र्यांच्या ढिगापाशी बसून मोठी-लहान वेगळी करत होती. केस बोटभर वाढले होते. मला साडीत पाहून ती हरखली. "म्याडम! तुमी इकडे काहून आल्या?"

"गोळ्या घेतेस ना?"

"बंद केल्या. तुमीच तं सांगतलं, आजार दिसत नाही. दिसत नाही म्हणजे गेलाच न?"

आता स्फोट होणार म्हणून मी खाली मान घातली. सर एका रिकाम्या क्रेटवर बसले. "पोरी, वावर निंदलं का साफ दिसते. पण आतमधी गवताचं बी रायतेच न? त्याच्यासाठी त्या गोळ्या होत्या. हे तुले कोणी सांगतलं नाही. चूक तुयी नाही, आमची हाय." ते इतक्या हळू बोलत होते की तिला पुढे वाकून ऐकावं लागलं.

तिला आणि तिच्या आईला आम्ही त्याच गाडीने घेऊन आलो. काच मीच पाहिली. आकडा सांगितला. आजार परतला होता.

मग दुसरी, अधिक जहाल औषधं झाली. पाच महिन्यांनी एका दुपारी वंदना गेली. मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या बैठकीसाठी मी टिपण लिहिलं, 'रुग्णाने औषध स्वतःहून बंद केले.' बैठकीत सर उभे राहिले. त्यांनी ते वाक्य सगळ्यांदेखत खोडलं, 'डॉक्टरांनी समजावून सांगितले नाही' असं लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली.

मी त्यांच्या मागे धावत गेले. "सर, तिला घरी मी सोडलं होतं. नाव माझं हवं होतं. ओरडा ना माझ्यावर!"

"तुले शिकवलं कोणं?" एवढंच म्हणाले आणि खोलीत निघून गेले. दोन वर्षं पाणी सांडलं तरी ओरडणाऱ्या माणसाने, जेव्हा मला त्याच्या ओरडण्याची खरोखर गरज होती, तेव्हाच तोंड मिटलं. हे मी त्यांना माफ केलेलं नाही.

आता मी अकोल्यात काम करते आणि फेलोंना शिकवते. माझ्याकडून घरी जाणारी प्रत्येक बाई, प्रत्येक बुवा गोळ्या का घ्यायच्या ते आपल्या शब्दांत मला सांगतो, मगच उठतो. रांगेतले लोक माझ्या नावाने बोटं मोडतात. सर निवृत्त होऊन इथेच राहतात. परवा भेटायला गेले आणि आमच्या नव्या फेलोने एका पेशंटला काहीच न समजावता कसं घरी पाठवलं ते सांगितलं. वाटलं, आता घर हादरणार. सर हातातला थंड चहा निमूट पिऊन म्हणाले, "होते असं. नवी हाय पोरगी."

"होते असं?" माझा आवाज एवढा चढला की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "सर, होते असं म्हणता? तुम्ही?"

ते एकदम हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांचे डावीकडचे दोन दात पडले आहेत हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं.