अर्बाबच्या कुरणात मी पसरलेलं शेण

शाळेत मी दोनच दिवस गेलो. तिसऱ्या दिवशी मास्तर स्वतः घरी आले आणि बापसाला म्हणाले, "याला गुरांकडे पाठवा. निदान गुरांचं तरी नुकसान करणार नाही." मास्तरांचा अंदाज चुकला, पण ते कळायला मला पार सलालाला जावं लागलं.

रत्नागिरीकडची आमची माणसं ओमानात मत्रहच्या बाजारात कामाला लागतात. मला पाटी वाचता येईना, म्हणून मला सलालाच्या डोंगरापायथ्याला एका म्हाताऱ्या अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, गाई राखायला धाडलं. तिकडे गाई सुकी तारली मासळी खातात. पहिल्या दिवशी गाईंच्या घमेल्यातली चार मीच उचलून खाल्ली. अर्बाब बघत राहिला. बहुतेक मोजत होता, की आता चौदा गाई की पंधरा.

त्याच्या कुरणात वेडी बाभळ घुसलेली. ती दाट झाली की खाली गवत मरतं आणि काट्यांतून गुरं आत जात नाहीत. अर्बाबचे गुडघे गेलेले, त्याला वर डोंगरात चढता येत नव्हतं. हे एवढंच कुरण त्याच्या पावलांच्या आवाक्यातलं. त्याचा मुलगा मस्कतला, अल् खुवैरच्या ऑफिसात. तो येऊन माझ्यादेखत म्हणाला, "बाबा, या पावसाळ्यात इथे गवत दिसलं तर गाई राहतील. नाहीतर खलास. गाई विकू, तुम्ही माझ्याकडे फ्लॅटात या."

म्हातारा त्या दिवशी जेवला नाही.

मी कोयती-कुदळ घेतली. ही बाभळ नुसती तोडली तर बुंध्यातून दहा फुटतात, मुळासकट खणावी लागते. चार महिने खणलं. एकदा काट्याने चप्पल आणि टाच एकत्र शिवली. तोडलेल्या फांद्यांना पिवळ्या गोड शेंगा होत्या, गाई त्यावर तुटून पडायच्या.

"शेंगा जाळ, रफीक," अर्बाब म्हणाला.

"फुकटचं खाणं कोण जाळतं, अर्बाब? आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला कळतं."

पोती भरभरून गाईंना घातल्या. मग जमीन मोकळी झाली, नुसती लाल, उघडी. आमच्या गावात उघड्या जमिनीला शेण घातल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. गोठ्यातलं सगळं शेण पाट्या भरून मी कुरणभर पसरलं. अर्बाबला न विचारता. म्हटलं, खूश होईल.

पावसाळा आला. तिकडचा पाऊस म्हणजे धुकं आणि भुरभुर. तीन आठवड्यांत सगळं हिरवं. मी गावाला फोन करून बायकोला सांगितलं, तुझा नवरा हुशार निघाला. ती म्हणाली, "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी बघितलं, गाई गवत खाताना मधे मधे गोल सोडत होत्या. पाटीएवढे गोल. वाकलो. बारीक बारीक पानांची रोपं, दाटीने. एक उपटलं, तर खाली सुकं शेण आणि शेणात फुटलेली बाभळीची बी. गाईच्या पोटातून सगळ्या बिया जशाच्या तशा आल्या होत्या, आणि मी त्या हाताने पेरल्या होत्या.

धुक्यात दहा पावलांपलीकडे दिसत नव्हतं. दहा पावलांत शंभरएक उपटली. पुढे काय आहे ते बघायला मी गेलोच नाही.

उपटलेली रोपं मी गोणपाटाखाली लपवायचो. पाचव्या दिवशी अर्बाब काठी टेकत आला, त्याने गोणपाट उचललं.

"हे कुठून आलं?"

"मीच घातलं, अर्बाब. शेणातून."

त्याने गोणपाट परत खाली ठेवलं. मग म्हणाला, "तुमच्या गावात सगळे असेच शेतकरी?"

"नाही. मला तर त्यांनी इकडे पाठवून दिलं."

हसला नाही. मोठ्या कष्टाने खाली बसला आणि एक रोप ओढलं. ते तुटलं, मूळ आतच राहिलं. "मुलाला सांगू नकोस," एवढंच म्हणाला. मग आम्ही दोघं उपटत बसलो. रोज. पण रोज मागे बघावं तर जरा जास्तच.

मुलगा आला त्या दिवशी अर्बाबने गाई रस्त्याकडे आणायला लावल्या. मुलाने गाडीतून उतरायचे कष्टच घेतले नाहीत. काच खाली केली, फोटो काढला.

"माशाल्ला, किती हिरवं! बाबा, गाई राहू देत. पुढच्या वर्षीही राहू देत."

अर्बाबने त्याला हात केला. गाडी धुक्यात गेली. त्याने मला विचारलं, "काटे कधी येतात याला?"

मी पायाजवळच्या रोपाचं पान बाजूला करून बोटाने चाचपलं.

"आलेत, अर्बाब. अजून मऊ आहेत."