बुरुजाखालची कालवं

गेली तीन वर्षं माझी बायको मला रोज विचारते, "तुम्ही कोण?" आधी मी रडायचो, मग चिडायला लागलो. तिच्यावर कमी, देवीवर जास्त. आमच्या गावच्या किनाऱ्यावरच्या बागेत जुन्या किल्ल्याचा एक बुरूज उरला आहे. त्याच्या कोनाड्यात शेंदूर लावलेली देवी आहे. हिची तिच्यावर लहानपणापासून श्रद्धा, म्हणून मी हिला रोज तिथे नेतो.

थंडीतली दुपार होती. समुद्रावर धुरकट, पांढरं ऊन पसरलेलं. सुरूची झाडं झोपेत श्वास घ्यावा तशी वाजत होती. हिला बाकावर बसवून मी देवीपुढे डोळे मिटले आणि चक्क भांडलो. मला दुसरं काही नको, हिला माझं नाव तेवढं आठवू दे. एकदाच! किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर बाक रिकामा.

खाली कातळांवर भरतीचं पाणी चढत होतं. ती ओ देणार नाही हे ठाऊक असूनही हाका मारत मी पडक्या तटावरून कसाबसा उतरलो.

पाण्यापासून चार हातांवर ती शांत बसली होती. शेजारी एक कोळीण दगडाला चिकटलेली कालवं फोडत होती. हिच्या ओंजळीत रिकामे शिंपले होते, आणि हिच्या पदराचं टोक त्या बाईने आपल्या कमरेला घट्ट खोचून ठेवलं होतं.

"पानी वर चराय लागलं, मी कवाच गेली असती," ती म्हणाली. "पन ही उठंना. इचारलं, कोन येनार हाय का तुला न्यायाला? तर म्हनते, आमचे येतील. उशीर करतात, पन येतात."

मी ओल्या कातळावर मटकन बसलो आणि रडलो. माझं नाव, चेहरा, सगळं पुसलं गेलं तरी हिचा भरवसा शाबूत होता. आणि मी देवीला जाब विचारत होतो.

"तुम्ही कोण?" हिने विचारलं.

"न्यायला आलोय."

"बरं," म्हणाली, आणि हात पुढे केला.

त्या गडबडीत कोळणीचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढे बऱ्याचदा शोधलं, ती दिसली नाही. देवीपुढे मी अजून उभा राहतो, पण डोळे उघडे ठेवून, हिचा हात धरून. मागत काही नाही. माझी वेळ होईल तेव्हा मलाही कोणीतरी न्यायला येईल. उशीर झाला तरी मी बसून राहीन.