टिकलीजवळचं बटण

आमच्या मामांइतकं नव्या वस्तूवर जीव टाकणारं माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरं नसेल. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सारी नोकरी कुर्डुवाडी स्टेशनात गेली. छोटी लाईन उखडून तिथं ब्रॉडगेज आली तेव्हा सगळं गाव हळहळत होतं आणि एकटे मामा पेढे वाटत होते. तेव्हापासून जुनं ते सगळं छोटी लाईन आणि नवं ते ब्रॉडगेज, अशी त्यांनी जगाची वाटणी करून टाकली आहे. जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा खिडक्यांना गज बसायच्या आधी दाराला बोलणारी बेल बसली. ती पाहुणा आला की 'आपका स्वागत है' म्हणायची, आणि मांजर आलं तरी म्हणायची. आत्या वैतागली. मामा म्हणाले, "म्हणू दे की. मांजर बी पॅसेंजरच हाय."

मामा रिटायर झाले, पण स्टेशन काही त्यांच्यातून उतरलं नाही. भाकरी तव्यावर असली की ती 'आउटरला उभी' असते आणि ताटात पडली की 'लागली'. लाईट गेली की 'ब्लॉक घेतलाय'. पाहुणे निघाले की फाटकात उभे राहून रिक्षा वळणाआड जाईपर्यंत हिरवा रुमाल हलवतात. माझ्या बायकोला पहिल्यांदा आणलं तेव्हा ती वाटभर हसत होती. आता रुमाल दिसला नाही तर तिलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

अशा माणसाला कम्प्युटरवर नवी सिस्टीम फुकट मिळतेय असं कळल्यावर तो थांबणार कसा? मी त्या दिवशी सहज गेलो, तर मामा इस्त्रीचा शर्ट घालून पडद्यासमोर बसलेले. पडद्यावर एक चक्र फिरत होतं. "कुठवर आलं?" मी विचारलं. "माढा गेलं, मोहोळ यायचंय. बस की." मधेच पडदा काळाठिक्कर पडला. मी वायर बघायला वाकलो, मामा मात्र शांत. "इंजिन बदलायलेत." शेवटी सिस्टीम उघडली. गोलसर कोपऱ्यांच्या खिडक्या, निळंशार चित्र, सगळं कसं गुळगुळीत. मामा हरखून गेले. "बघ, ह्याला म्हनत्यात ब्रॉडगेज!" शेजारच्यांना बोलावून दर्शन घडवून झालं.

गाडी अडली ती आत्यापाशी. आत्याचं हल्ली विसरणं वाढलंय. चष्मा, वार, कधी कधी माझं नावसुद्धा. पण संध्याकाळी जर्मनीतल्या लेकीला कम्प्युटरवर लावायचं काम ती एकटी करते, कुणाला माऊसला हात लावू देत नाही. त्यासाठी युक्तीही तिनंच काढली होती. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात सुरुवातीचं बटण असतं, त्याच्या बरोब्बर खाली, चौकटीवर, एक लाल टिकली. बाण टिकलीपाशी न्यायचा, दाबायचं, लेकीचा फोटो आला की तो दाबायचा. त्या संध्याकाळी तिनं टिकलीपाशी दाबलं आणि लेकीच्या जागी सूर्य उगवला. नव्या सिस्टीमनं बटण मधोमध नेलं होतं आणि त्या कोपऱ्यात हवामान आणून बसवलं होतं. आत्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा ऊन.

"अवो, पोरगी कुटं गेली? सोलापूरचं ऊन बघायला कम्प्युटर कशाला पायजे?"

मला हसू फुटलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग टिकलीकडे. "मीच इसरले असंन," असं हळूच म्हणून ती उठून आत गेली.

मामांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. "ती इसरली न्हाय," ते माझ्यावरच ओरडले. "अनाउन्समेंट न करता प्लॅटफॉर्म बदललाय. पॅसेंजरनं काय करायचं?" टिकली उचलून मधे लावून पाहिली, तर आणखी एखादा प्रोग्राम उघडला की बटण आपलं बाजूला सरकायचं. "ह्यो तर प्लॅटफॉर्मच चालायलाय!" मामांनी मोबाइलवर लेकीला लावून दिलं, तर आत्या म्हणाली, "तुमचं तुमी बोला." त्यानंतर ती कम्प्युटरकडे फिरकेना. आणि जन्मात मागे वळून न पाहिलेले मामा मला म्हणाले, "जुनीच सिस्टीम परत बसवून दे बाबा. छोटी लाईनच बरी व्हती."

तशी वेळ आली नाही. सेटिंग धुंडाळताना बटण पुन्हा डावीकडे नेण्याची सोय सापडली आणि हवामानाला मी कायमची रजा दिली. मामांनी टिकली जागच्या जागी चिकटवली. मग आतल्या खोलीच्या दारात उभं राहून, नाक दाबून, स्टेशनातल्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जर्मनीला जाणारी गाडी नेहमीच्याच प्लॅटफॉर्मवर, टिकलीजवळ येत आहे."

आत्या आली. तिनं दाबलं. लेक दिसली.

"म्हंजे मी इसरले नव्हते," आत्या म्हणाली.

"न्हाय की. चूक स्टेशनमास्तरची," मामा स्वतःकडे बोट दाखवत म्हणाले.

आता ही अनाउन्समेंट रोज होते. एखाद्या संध्याकाळी आत्याला कुठं जायचंय तेच उमजत नाही, ती दारातच उभी राहते. मग मामा तितक्याच गंभीरपणे सांगतात, की गाडी थोड्या उशिराने धावत आहे. तिची खुर्ची पुसून ठेवतात आणि वाट बघत बसतात. स्टेशनात या घोषणेपाठोपाठ गैरसोयीबद्दल दिलगिरी असते. ती मात्र मामा कधी म्हणत नाहीत.