पुष्पांजलीनं काढून टाकलेलं पाणी

वरवट बकालच्या पुष्पांजलीला कुणी विचारलं, की बाई, तू नेमकं करतेस तरी काय, तर तिची आई रुखमाबाईच आधी तोंड उघडायची. "औषध करून राह्यली. पन अजून एकबी झालं नाही." पुष्पांजलीच्या अंगाचा असा तिळपापड व्हायचा! पण त्यात खोटं तरी काय होतं? नाव पुण्याच्या प्रयोगशाळेत, आणि बाई स्वतः घरच्या पडवीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन. वडील भगवानराव डायलिसिसवर. त्यांना आठवड्यातून दोनदा खामगावला न्यायचं, म्हणून ती गावी राहूनच काम करायची. मोठी आकडेमोड पुण्याच्या संगणकावर चालायची आणि ही इथून हुकूम सोडायची.

काम ऐकायला सोपं होतं. आजारी किडनीत चट्टे पडत जातात, आणि ते वाढवायला एक प्रथिन आतून फूस लावत असतं. त्या प्रथिनाला एक खाच आहे. खाचेत घट्ट बसेल असा रेणू घडवला, की त्याची मस्ती बंद. औषध शोधायचं म्हणजे आधी असा गुन्हेगार हेरायचा, मग त्याच्या नाड्या आवळायच्या. पुष्पांजलीनं हा गुन्हेगार हेरला होता, आणि त्याच्यावर तिचा असा राग होता, जसा घरात शिरलेल्या चोरावर असतो.

संगणकावर तिचे रेणू खाचेत काय छान बसायचे! संगणक गुण तर असे द्यायचा, की बघत राहावं. मग नांदुऱ्याचा अल्तमश पुण्यात घाम गाळून ते रेणू खरोखर बनवायचा, कारण प्रयोगशाळेतला रसायनवाला तो. आणि चाचणीत? प्रथिन ढिम्म. पहिली खेप फुकट गेली, दुसरीही गेली. तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी फोनवर सांगितलं, "पुष्पांजली, अजून एक खेप. नाही जमलं तर हे प्रथिन सोडू आणि दुसरं धरू."

सोडायचं कसं? तिकडे भगवानराव खामगावच्या वॉर्डात सगळ्यांना छाती फुगवून सांगून बसले होते, "माही पोट्टी किडनीचं औषध काढून राह्यली!"

असेच डोकं धरून बसण्याचे दिवस चालले होते, आणि एका सकाळी नळ आला. खारपाणपट्ट्यातलं गाव ते, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे गोड्या पाण्याचा नळ आला की घरात लगीनघाई. शिळं ओता, ताजं भरा. पुष्पांजलीनं आपल्याच तंद्रीत माठ उचलला आणि अंगणात पालथा घातला.

रुखमाबाई कडाडली. "पुष्पे, सबन पानी फेकलं काऊन वं? बुडाले घोटभर ठेवा लागते ना! कोरडा माठ ठेवते का कोनी घरात?"

त्या घराची रीतच तशी. शिळं ओतायचं, पण माठ पुरता कोरडा करायचा नाही. शास्त्रबिस्त्र काही नाही, नळाचा भरवसा नाही एवढंच.

पुष्पांजली माठ हातात धरून तशीच उभी राहिली. सबन पानी फेकलं काऊन?

आता बघा गंमत. प्रथिनाचा नकाशा संगणकात येतो, तेव्हा त्याला जागोजागी पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून बहुतेकजण ते आधीच काढून टाकतात, तशी पद्धतच पडून गेली आहे. हिनंही काढले होते. ज्या गावात घोटभर गोड्या पाण्यावरून बायका एकमेकींशी महिना महिना बोलत नाहीत, त्या गावची ही पोरगी, आणि हिनं एका फटक्यात सगळं पाणी फेकून दिलं!

माठ तिथंच ठेवून ती ओल्या हातांनी पडवीत पळाली. मूळ नकाशा उघडला. खाचेच्या अगदी तळाशी पाण्याचा एक रेणू बसलेला. इतर प्रयोगशाळांनी काढलेले त्याच प्रथिनाचे नकाशे उघडले. तिथंही तोच, त्याच जागी, हलायला तयार नसलेल्या भाडेकरूसारखा. आणि तिच्या लाडक्या रेणूचा एक हात बरोब्बर त्याच जागेवर! संगणकात जागा मोकळी दिसत होती, कारण ती हिनंच मोकळी केली होती. खऱ्या परीक्षानळीत मात्र पाणी तिथं ठाण मांडून होतं.

"अवो माय!" तिनं कपाळावर हात मारला, आणि पुढं कितीतरी वेळ एकटीच हसत बसली.

तिनं रेणूचा तो हात छाटला. त्या जागी असं टोक जोडलं, की ते पाण्याला हटवणार नाही, उलट त्याचाच आधार घेईल. नकाशात या वेळी ते पाणी ठेवलं. गुण आले, पण आधीपेक्षा कमी!

अल्तमशचा फोन. "पुष्पे, डोकं ठिकानावर आहे ना तुहं? मेरिटवाले नापास झाले, अन् तू हा काठावरचा पाठवून राह्यली!"

"या टायमाले पानी ठेवलं मी. तू बनव."

"कोनतं पानी?"

"बनव ना बे!"

मॅडमना तिनं नीट, पुणेरी भाषेत समजवायला सुरुवात केली आणि भरात म्हणून गेली, "मॅडम, थे पानी तिथून हालतच नाही!" मॅडम खळखळून हसल्या. "बनवा," म्हणाल्या.

निकाल आला तेव्हा ती खामगावच्या वॉर्डात भगवानरावांच्या पलंगाशी बसली होती. आई डबा उघडत होती. फोन कानाला लावला, तर अल्तमश नुसता ओरडत होता. "दबलं वं, दबलं! पुन्हा करून पाह्यलं, तरी दबलं! प्रथिन गपगार!"

पुष्पांजली अशी किंचाळली, की नर्स धावत आली आणि रागावून गेली. भगवानरावांनी पडल्या पडल्या वॉर्डाला हाक दिली, "अरे, जमलं! माह्या पोट्टीचं औषध जमलं!" सगळ्या पलंगांवरून कौतुक सुरू झालं. मग ते लेकीकडे वळले. "मले कवा भेटन?"

हा प्रश्न ती इतके दिवस चुकवत आली होती. आज तिला चुकवावासा वाटला नाही.

"बाबा, तुमाले नाही भेटत. अजून पेशींवर पाहा लागन, उंदरांवर, मंग मानसांवर. दहा-बारा वर्षं जातीन, अन् मधातच फेलबी होऊ शकते. अन् हे चट्टे पडायच्या आधी घ्या लागन. तुमचे तं पडून गेले."

भगवानराव म्हणाले, "रुखमा, पानी दे."

किडनीला पाणी झेपत नाही, म्हणून डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलेलं, छोट्या बाटलीत. ते त्यांनी गटागटा प्यायला सुरुवात केली.

"अवो, दिवसभराचं आहे ते!" रुखमाबाई ओरडली. "मंग काय करसान?"

"राह्यतो तसाच. आज पोट्टीचा दिवस आहे." शेजारच्या पलंगावर तरणाताठा हर्षल होता, त्याची चिमुरडी पायाशी झोपलेली. तिच्याकडे बोट करून भगवानराव म्हणाले, "हर्षल, हिले भेटन. काम न पडो, पन पडलंच तं भेटन."

आणि त्यांनी बाटली परत दिली. बुडाला घोटभर ठेवलं होतं.